पिस्तूल कुठे बांधावे

त्या वैशाखात माझ्या उजव्या कमरेच्या हाडावर, अगदी टोकाला, एक डाग पडला होता. लांबी पावणेदोन इंच, रुंदी सव्वा इंच. पहिल्या दिवशी तो जांभळा होता, पाचव्या दिवशी हिरवट झाला आणि अकराव्या दिवशी पिवळा पडून विरला. कातडीखाली साकळलेले रक्त याच क्रमाने रंग बदलते. ते का बदलते यावर मी मुंबईला परीक्षेत दीड पान लिहिले होते आणि मला बरे गुण मिळाले होते. पण तो डाग कशाने पडला हे मात्र मला कोणालाही सांगता येत नव्हते. तो पिस्तुलाच्या मुठीने पडला होता.

पिस्तूल माझे होते. घर यजमानांच्या नावावर, दागिने सासूबाईंच्या पेटीत, आणि दवाखाना तालुका बोर्डाचा. सरकारदरबारी माझ्या नावाने नोंदलेली वस्तू म्हणजे हे एक पिस्तूल. बत्तीस बोअरचे, विलायती, गोळ्यांच्या सहा घरांचे. दवाखान्याच्या काट्यावर मी ते तोलून पाहिले. रिकामे त्रेचाळीस तोळे, पाच गोळ्या भरून सत्तेचाळीस.

ते माझ्याकडे का आले हे थोडक्यात सांगते. आम्ही महाडला राहत होतो. यजमान वकील, घरात सासूबाई, आणि मी डॉक्टरीण. दर मंगळवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने मी अकरा मैलांवर पोलादपूरला जाई, तिथला बायकांचा दवाखाना चालवी आणि संध्याकाळच्या मोटारीने परत येई. दवाखान्याच्या मागे दोन खोल्या होत्या, डॉक्टरीणबाईंनी राहावे म्हणूनच बांधलेल्या. राहायला कधी येता, असे बोर्डाने मला तीन वर्षांपूर्वी पत्राने विचारले होते. 'विचार करून कळवते,' असे मी उत्तर लिहिले होते, आणि अजून मी विचारच करत होते. खरे म्हणजे विचार करण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. ठरवायचे तेवढे राहिले होते. लग्नाला सात वर्षे झाली, मूल नाही, अशा बाईने घर सोडून अकरा मैलांवर बिऱ्हाड केले तर आमची आळी त्याचा अर्थ काय लावील हे समजायला शास्त्र शिकावे लागत नाही.

पोलादपूरला तुळसा नावाची एक मुलगी होती. मागच्या वर्षी शनिवारी तिचे पहिले बाळंतपण अडले. मी मंगळवारी पोचले. तुळसा वाचली, मूल गेले होते. आता तिला पुन्हा दिवस होते आणि आषाढात भरत होते. आषाढात सावित्री नदीला पूर येतो आणि मोटार बंद पडते. तुळशीची आत्या राहीबाई ही गावची सुईण. दर मंगळवारी मी दवाखान्याचे कुलूप काढत असताना ती मागे उभी राहून मला एकच वाक्य ऐकवी.

"बाय, पोर काय मंगळवार बगून येत नाय."

मी म्हणे, "बघू, पावसाळ्याआधी ठरवते."

"ठरवा, ठरवा. तुळशीच्या पोटातल्याला सांगते, बाय ठरवतायत म्हनून."

असे चालले असताना माघात बातमी आली की पोलादपूरच्या अलीकडे दोन माणसांनी रस्त्यात आडवे उभे राहून मोटार थांबवली. एकाच्या हातात कोयता होता. पुढे दीड महिन्याने कळले की त्या दोघांना दासगावहून मुंबईला जाणारी बोट गाठायची होती आणि कोयता त्यांच्या मुंबईच्या भावासाठी होता. पण तोवर पिस्तूल घरात आले होते.

"पिस्तूल जवळ असल्याशिवाय मोटारीत पाय ठेवायचा नाही," यजमान म्हणाले. हे वकील. यांचा सगळा शूरपणा कागदावर आणि माझ्या बाबतीत. "एक तर पिस्तूल, नाहीतर मंगळवार बंद. तू ठरव."

मंगळवार बंद म्हणजे तुळशीचा दर आठवड्याचा तपास बंद. म्हणून मी पिस्तूल म्हणाले. ठरवण्याची माझी ताकद तेव्हा एवढीच होती.

अर्ज झाला. कचेरीतल्या कारकुनाने 'कारण' या रकान्यात 'स्वसंरक्षण' वाचून पेन खाली ठेवले. "बाई, 'पतीचे संरक्षण' लिहा. लवकर होईल." फौजदारांनी चौकशी केली. हत्यार कधी हातात धरले आहे का, असे त्यांनी विचारले. दर मंगळवारी चिमटे धरते, असे मी सांगितले. त्यांनी 'अर्जदारास हत्याराची सवय आहे' असे लिहिले.

परवाना आला तेव्हा त्याच्या पाठीमागच्या अटी मी वाचल्या. घरात त्या मीच वाचल्या, कारण वकील मंडळी स्वतःच्या घरी आलेले कागद वाचत नाहीत. जत्रा, मिरवणूक किंवा सार्वजनिक जमाव अशा ठिकाणी हत्यार नेऊ नये, अशी एक अट होती. पोलादपूरचा बाजार मंगळवारी भरतो. बाजार हा जमाव होतो की नाही, असे मी कचेरीला लेखी विचारले. कचेरीने वर विचारले. वरून पाच आठवड्यांनी उत्तर आले की परवानाधारकाने विवेकाने वागावे, मात्र हत्यार कोणाच्या दृष्टीस पडू नये.

हे उत्तर हातात घेऊन यजमान मला म्हणाले, "बस. म्हणजे लपवून न्यायचं. आईलासुद्धा सांगू नकोस. आईला कळलं की शेजारच्या चंद्राबाईंना कळलं, आणि चंद्राबाईंना कळलं की परवाना गेला."

आता प्रश्न उरला तो असा: नऊ वारी लुगडे नेसलेल्या बाईने पिस्तूल कुठे बांधावे? कोटाच्या आणि पाटलोणीच्या माणसांसाठी यावर सचित्र पुस्तके निघाली आहेत. लुगड्याचा विचार कोणी केलेला नाही.

सल्ल्यासाठी यांनी आपल्या एका अशिलाला बोलावले. हैबती जमादार, पेन्शनर, मोठ्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेले. त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. घोड्याखालचे, म्हणजे खटका आपटतो तिथले, घर नेहमी गोळीवाचून रिकामे ठेवायचे. चाप खोळीत पूर्ण झाकलेला असला पाहिजे, इतका की सुईसुद्धा आत शिरता कामा नये. आणि नळी आपल्या अंगाकडे कधी नको.

"आनि चौथं," ते म्हणाले, "रोज बांधायचं, ताई. मंगळवारीच बांधलं तर मंगळवारी टोचंल. हत्यार अंगाला कळलं पायजे. जेवताना बी बांधायचं."

महिपती म्हणून जोडे शिवणारा होता, त्याच्याकडून मी चामड्याची खोळ करवून घेतली. आत काय ठेवायचे ते सांगणे शक्य नव्हते, म्हणून कागद कापून आकार दिला आणि दवाखान्याचे हत्यार आहे असे सांगितले. पहिली खोळ त्याने अशी केली की चाप तेवढा बाहेर राहत होता. "धरायला बरं पडंल बाईंना," असा त्याचा विचार. दुसरी खोळ इतकी घट्ट झाली की पिस्तूल आत गेले ते बाहेर यायला यजमान आणि जमादार दोघे लागले. तिसरी बरोबर झाली.

मी एक वही केली. रकाने चार: स्थान, बसताना होणारा त्रास, बाहेर काढण्यास लागणारा वेळ, आणि नळीच्या रेषेत येणारे अवयव. हा शेवटचा रकाना इतर कोणाला सुचला नसता. नळी ज्या दिशेला असेल त्या दिशेला माझ्या शरीरात काय काय आहे हे मला नावानिशी माहीत होते, आणि या ज्ञानाने त्या दिवसांत माझे फार हाल केले.

सर्वांत सोपे म्हणजे डॉक्टरी बॅगेत ठेवणे. पण मोटारीतून उतरले की बॅग दवाखान्याचा शिपाई कुशाबा घेतो आणि डोक्यावर ठेवून बाजारातून माझ्यापुढे चालतो. अडीअडचणीला पिस्तूल कुशाबाच्या टाळूवर असणार, आणि कुशाबा वाटेत मिरच्यांचा भाव करत असणार. हे स्थान मी बांधून न पाहताच खोडले.

मग उजवी कंबर. उभे असताना उत्तम. मोटारीच्या बाकावर बसले की मूठ हाडात रुते आणि नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीवर टेके. ती वाहिनी तुटली तर माणूस किती मिनिटांत जातो याचा आकडा मला पाठ होता आणि अकरा मैल तो माझ्या डोक्यात घोळत राही. डाग पडला तो याच काळात. मी कंबर धरून चालू लागले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चंद्राबाई निर्गुंडीचा पाला घेऊन आल्या.

"वात आहे हा," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "डॉक्टरीण झाली म्हणून वात सोडतो का?"

वात नाही असे मी सांगितले. "मग काय आहे?" चंद्राबाईंनी विचारले. डॉक्टरने स्वतःच्या दुखण्याचे नाव सांगू नये ही किती संशयास्पद गोष्ट आहे! मी संध्याकाळभर निर्गुंडीने शेकून घेतले.

कंबर सोडून मी पाठ धरली. कासोट्याच्या वर, दोन्ही मूत्रपिंडांच्या मधोमध. लुगडे घट्ट बसले आणि बाहेरून काही दिसेना. पण मोटारवाला कोंडाजी रस्त्यातले खड्डे चुकवत नाही, मोजतो. पोलादपूर येईपर्यंत मला बाकावर टेकता येईना. आणि बाहेर काढण्याचा वेळ घरी मोजला तो चाळीस सेकंद, तोही यजमानांची मदत धरून. शिवाय कासोटा सुटला. दरोडेखोर आला तर त्याला आधी पाठ फिरवून उभे राहायला सांगावे लागले असते. या आठवड्यात आळीत माझ्या मणक्याची चर्चा झाली आणि चंद्राबाईंनी मोहरीच्या तेलाची वाटी पाठवली.

मग जमादारांच्या सांगण्यावरून डावी बगल. गोऱ्या साहेबांचे म्हणे तिथेच असते. पोलक्याच्या आत पट्टा शिवला. पिस्तूल काढायला नऊ सेकंद लागले, पण नळी मागे, आणि मोटारीत माझ्या मागच्या बाकावर दर वेळी कोणी ना कोणी बसलेले असे. एकदा एक म्हातारे गृहस्थ पेंगत पेंगत माझ्या पाठीला डोके टेकून बसले. मी पोलादपूरपर्यंत श्वास जपून घेतला. शिवाय डावा हात अंगापासून चार इंच लांब राहू लागला. बगलेत गळू झाले असणार असे आळीत ठरले आणि अळशीचे पोटीस आले. पोटीस मीही रोग्यांना देते. ते कितपत गरम असते हे मला त्या दिवशी कळले.

मांडीचाही प्रयोग झाला. त्याच्या वेळेचा रकाना मी कोरा ठेवला आहे.

दीड महिन्यात मी वात, मणका आणि गळू अशी तीन दुखणी काढली होती आणि तिन्हींवर उपचार घेतले होते. माझ्याकडे येणाऱ्या महाडच्या बायका कमी झाल्या. जी स्वतःला बरे करू शकत नाही ती दुसऱ्याला काय करणार, हा विचार चूक म्हणता येत नाही. वहीत पाहावे तर प्रत्येक स्थानापुढे फुली. माझा प्रयोगावर विश्वास होता. एवढे काटेकोर प्रयोग करून माणसाला आपल्याच अंगावर वीतभर सुरक्षित जागा सापडू नये, याने मी मनातून खचले. यजमान दर सोमवारी विचारत, "मग उद्या जमेल ना? नाहीतर राहू दे." ते 'राहू दे' मला ऐकवत नसे.

शेवटी सापडली. पोटावर, बेंबीच्या किंचित वर, जाड मांजरपाटाचा सहा इंची पट्टा, त्यात खोळ आडवी शिवलेली, मूठ उजवीकडे. नळी डावीकडे, अंगाला समांतर, तिच्या रेषेत माझे काहीही नाही. वर निऱ्या, वर पदर. मोटारीत मी नेहमी डाव्या कडेला, खिडकीशी बसे, म्हणजे रेषेत शेजारीही नाही. बसताना त्रास शून्य. वेळ सहा सेकंद. खोळीचा कठीणपणा जाणवू नये म्हणून मी आतबाहेर कापसाच्या घड्या घातल्या. त्या दिवशी वहीत मी खूण केली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. जमादारांच्या हुकमाप्रमाणे मी तो पट्टा सकाळी अंघोळीनंतर बांधे आणि रात्री खोलीचे दार लावल्यावर सोडी.

पंधरा दिवस सुखाचे गेले. अगदी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या हातातली कळशी काढून घेतली. मला वाटले, वातामुळे. मग ताटात डिंकाचा लाडू आला. मला वाटले, मणक्यामुळे. मग चंद्राबाई आल्या, माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाल्या, "तरीच कंबर धरून चालत होती," आणि दोघींनी मिळून डोळे पुसले.

तेव्हा मला कळले. मी डॉक्टर. निदान मात्र सगळ्या आळीने केले होते.

मी लगेच सांगितले, तसे काही नाही. सासूबाई हसल्या. "अगो, आम्हीही नाहीच म्हणायचो. पाचव्यापर्यंत कुणी सांगतं का?" आमच्याकडे पहिल्या महिन्यांत दिवस गेल्याचे बोलत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. त्यामुळे नाही म्हणणे हाच पुरावा. मी जितके ठामपणे नाही म्हणाले तितकी त्यांची खात्री पटत गेली. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्यांनी जुने रेशमी लुगडे काढून बाळाची कुंची बेतायला घेतली.

मी यजमानांना म्हणाले, "आईंना सांगू द्या."

"काय सांगणार? पोट नाही म्हटलंस तर ते काय आहे हे सांगावं लागेल."

"मग पट्टा सोडते."

"एकाएकी? मग त्या काय समजतील?" यांचे म्हणणे बरोबर होते. एकाएकी पोट गेले तर त्याचा अर्थ त्याहून वाईट. "थांब जरा, मार्ग काढू," हे म्हणाले. कोर्टातल्या बाररूममध्ये यांना वकील मित्रांनी पेढे मागितले होते आणि यांनी ते दिले होते, असे मला नंतर कळले.

मार्ग काढेपर्यंत मंगळवार आला. कोंडाजीने त्या दिवशी अकरा मैलांना दोन तास घेतले. प्रत्येक खड्ड्यापाशी मोटार थांबवून तो मागे वळून माझ्याकडे बघे आणि मग बैलाला उतरवावे तशी मोटार खड्ड्यात उतरवी. मोटारीतला एकही माणूस कुरकुरला नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होते.

दवाखान्यात शिरले तर आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पंधरावीस बायका दाटून बसलेल्या. राहीबाईने हाताला धरून मला पाटावर बसवले.

"मी अशी काही नाही, राहीबाई," मी म्हणाले.

"व्हय व्हय, नाय. बसा."

तुळसा स्वतःचे नवव्या महिन्याचे पोट सावरत पुढे आली. तिने माझ्या पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण ठेवला. तिचे डोळे भरले होते. "बाय, आता तुमाला बी समजंल," ती हळूच म्हणाली. ओटीचे ओझे नेमके पट्ट्यावर आले. मी दोन्ही हातांनी पदर धरून बसले आणि घोड्याखालचे घर रिकामे आहे ना, हे मनात पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

एवढ्यात राहीबाईने, तीस वर्षांच्या सवयीने, पदराखालून माझ्या पोटावर हात ठेवला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने हात डावीकडे नेला, मग उजवीकडे.

"आडवं हाय," राहीबाई म्हणाली.

कोणीतरी सुस्कारा सोडला.

"डोकं या अंगाला. बारीक हाय, पर लई हाडाचं हाय. आनि हलत नाय गो."

मी तिला सांगू शकले असते की पाचव्या महिन्यात मूल आडवे असले तरी त्याचा काही अर्थ नसतो. हे मीच तिला दोन वर्षांपूर्वी शिकवले होते. पण ते सांगणे म्हणजे पाचवा महिना कबूल करणे, आणि न सांगणे म्हणजे आडवे कबूल करणे. बाहेर बाजार भरला होता. तो जमाव होता की नव्हता याचा निकाल अजून कोणी दिला नव्हता. मी पदरातला नारळ सावरून धरला.

"बाय, तुमी आता मोटारीत पाय ठेवायचा नाय," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. नेहमीचा टोमणा त्यात नव्हता, भीती होती. "तुळशीचं मी बगीन. जमंल तसं बगीन. मागल्या वर्साचं झालं ते झालं. तुमी घरी ऱ्हावा."

तुळसा मान हलवत होती. पण तिने दोन्ही हात स्वतःच्या पोटावर घट्ट दाबून धरले होते.

राहीबाई बोलून थांबणारी नव्हती. तिने कुशाबाकडून बोर्डाला अर्ज लिहवून घेतला आणि त्याखाली एकवीस बायकांचे अंगठे उठवले. शनिवारी दुपारी बोर्डाचे सभासद रावजीतात्या उत्तर घेऊन स्वतःच आमच्या घरी आले. त्यांच्या मनात माझ्याबद्दल फक्त चांगले होते, म्हणूनच त्यांच्यापुढे मला काही करता येईना. सासूबाईंनी पोहे केले. तात्यांनी पत्र वाचून दाखवले. डॉक्टरीणबाईंची सांप्रतची अवस्था लक्षात घेता प्रवास श्रेयस्कर नाही, सबब पोलादपूरचा दवाखाना पुढील हुकूम होईपर्यंत बंद ठेवण्यात यावा.

"पुढील हुकूम म्हणजे कधी?" मी विचारले.

"दिवाळीनंतर बघू. घाई काय आहे?"

तुळशीला तीन आठवडे उरले होते. मी उठले आणि माजघरात गेले. सासूबाई कुंचीला काठ लावत बसल्या होत्या. मी दार लोटले, पदर बाजूला केला, पट्टा सोडला आणि तो त्यांच्यापुढे चटईवर ठेवला. खोळीतून पिस्तूल काढले, गोळ्या काढून वाटीत ठेवल्या.

त्यांनी पट्ट्यातल्या कापसाच्या घड्या चिमटीत धरून पाहिल्या.

"हे होय?"

"हो."

"आणि दुसरं काही नाही."

"नाही."

त्यांनी सुई कुंचीत टोचून ठेवली. "जड आहे?"

"सत्तेचाळीस तोळे."

"एवढं रोज बांधून जेवायला बसत होतीस?"

"परवान्यात अट होती, कोणाला दिसू नये अशी. म्हणून..."

"परवाना राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "मला सांगायचंस." त्यांनी कुंचीची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. "पंधरा दिवस मी देवाला काय काय बोलले. तुला ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

मी केलेल्या सर्व प्रयोगांत हा एक त्रास कुठल्याच रकान्यात नोंदलेला नव्हता. त्याच उठल्या. त्यांनी दार उघडले आणि पिस्तूल उचलायची मला खूण केली. आम्ही दोघी बाहेर ओटीवर आलो. मी रिकामे पिस्तूल तात्यांच्या पत्रावर ठेवले.

"तात्या, पत्रातली अवस्था ती ही," मी म्हणाले.

तात्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. समजायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ते लाल झाले. "म्हणजे भर बाजारातून, दर मंगळवारी, हे..."

"त्याबाबत पत्रव्यवहार झालेला आहे," यजमान घाईने म्हणाले. "बाजार हा जमाव होतो की नाही हा मुद्दा अनिर्णित आहे."

"अनिर्णित असो. उद्या हे तालुकाभर होणार. वीस बायकांनी ओटी भरली आहे हिची. परवाना राहतो का तुमचा?"

"नाही राहणार," यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि पिस्तुलाशिवाय मी तुला मोटारीत बसू देणार नाही, हेही आहेच. माणसाने धोका पाहून..."

"ते दोघे बोट गाठायला निघाले होते," मी म्हणाले.

"हे दोघे. पुढचे दोघे कोण असतील कोणी सांगावं?"

"आणि पंधरा दिवसांनी मोटारही बंदच होणार," तात्या म्हणाले. ते पुन्हा मवाळ झाले होते. "बाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण अवस्था असो नसो, येणं तर होत नाही. मग हुकूम आहे तो असू दे. लोकांत बोलणं व्हायचं ते होईल, चार महिन्यांत विसरतील. तोवर घरी राहा."

"तेच म्हणतो मी," यजमान म्हणाले. "शांतपणे घरी राहा. विचार करायला वेळ मिळेल."

आळीतल्या तीन खिडक्या उघड्या होत्या. चंद्राबाई त्यांच्या ओटीवर निवडायचे तांदूळ घेऊन बसल्या होत्या आणि एकही दाणा निवडत नव्हत्या. तीन वर्षे ज्या बोलण्याला मी भीत होते ते सगळे संध्याकाळपर्यंत बोलून होणार होते, आणि त्यात आता पिस्तुलाचीही भर पडणार होती. याहून जास्त बोलण्यासारखे लोकांना काही उरणार नाही, असा मी हिशेब केला. तो बरोबर होता.

"सगळे तिला सांगताहेत," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या परक्या पुरुषांसमोर सहसा बोलत नसत. "तिला कुणी विचारता का? तू काय ठरवलंस गो?"

मी तात्यांकडे पाहिले. माझा आवाज नेहमी हळू असतो, पण तो चंद्राबाईंच्या ओटीपर्यंत पोचेल इतका मी मुद्दाम मोठा केला.

"दवाखान्यामागच्या खोल्यांची किल्ली द्या. मी सोमवारपासून पोलादपूरला राहायला जाणार आहे."